पाचची एसटी आणि तिसरी घंटा

वर्ध्याच्या बसस्थानकावरून देवळी, सेलू, आर्वीकडे संध्याकाळी कोणत्या गाड्या कधी सुटतात, हे मला दरवर्षी नव्यानं पाठ करावं लागतं. या जिल्ह्यात विद्यार्थ्यांचं नाटक बसवणाऱ्याचं पहिलं पाठांतर तेच. तास दोन-अडीचला संपतात. डबा खाऊन, हात धुऊन पोरं जमेपर्यंत तीन वाजतात आणि पाचच्या गाडीसाठी निम्मी मंडळी साडेचारपासूनच घड्याळाकडे बघू लागते. मुली आधी उठतात. ती गाडी चुकली तर पुढची गाडी अंधारात फाट्यावर सोडते, फाट्यापासून गावापर्यंत पायी जावं लागतं, आणि एकदा का बापाला बॅटरी घेऊन फाट्यावर यावं लागलं की दुसऱ्या दिवशी ती मुलगी तालमीला येत नाही. घरी जाऊन, तिच्या आईशी बोलून, चहा घेऊन तिला परत आणता येतं. पण तोवर आठ दिवस गेलेले असतात, आणि आठ दिवसांपूर्वी तिच्या आवाजात जे काही फुटू लागलेलं असतं ते पुन्हा मिटलेलं असतं.

म्हणजे हाती येतात ते रोजचे दीड-दोन तास. त्यातली वीस मिनिटं सभागृहाची किल्ली शोधण्यात आणि बाकं सरकवण्यात जातात. उरलेल्या वेळात काय करता येतं, याचं हे पुस्तक आहे.

नाटकं बसवताना वर्षानुवर्षं ज्या वह्या मी लिहीत आले, त्यांतून ते निघालं. लिहिताना डोळ्यांसमोर वाचक अगदी नेमका होता. पुलगाव, हिंगणघाट किंवा कारंजा घाडगेच्या एखाद्या महाविद्यालयात नुकतीच लागलेली प्राध्यापिका. प्राचार्यांनी बोलावून 'यंदाचं नाटक तुमच्याकडे' एवढंच तिला सांगितलं आहे. किंवा तृतीय वर्षाचा एखादा मुलगा, जो मागच्या वर्षी प्रकाशयोजनेला मदत करत होता आणि आता मित्रांनी 'तूच बसव' म्हणून ज्याच्या गळ्यात माळ घातली आहे. या दोघांनाही नाटकाची आस असते आणि दोघांच्याही पोटात गोळा आलेला असतो. त्यांच्या शेजारी बसून बोलावं तसं मी इथे लिहिलं आहे.

विद्यार्थी नाटक म्हटलं की आपल्याकडे आधी युवा महोत्सव आठवतो. विद्यापीठांच्या महोत्सवातून पुढे विभागीय आणि राष्ट्रीय पातळीवर जाणाऱ्या एकांकिकेचे नियम ठरलेले आहेत. वेळ ३० मिनिटं, रंगमंचावर ९ जण, मागे ३. प्रहसनाला १० मिनिटं आणि ६ जण. मूकाभिनयाला ५ मिनिटं. या नियमांबद्दल माझी तक्रार नाही. तीस मिनिटांत संपवायचंय म्हटल्यावर विद्यार्थी शब्द काटकसरीनं वापरायला शिकतात. माझी तक्रार आहे ती या तीस मिनिटांत साचलेल्या गाळाबद्दल. अंधारात एक किंकाळी. निळा उजेड. काळे कपडे घातलेला कोरस, त्यांच्या हातात काठ्या किंवा दोऱ्या. मधेच एक वेडा, जो तेवढा खरं बोलतो. शेवटी सगळे गोठलेले, आणि पडदा. हे सगळं कधीतरी, कुणीतरी पहिल्यांदा केलं असेल तेव्हा त्या माणसाची झोप उडाली असेल. आता ते विनासायास येतं. विद्यार्थी मला अगदी मनापासून विचारतात, 'मॅडम, हे प्रायोगिक दिसेल ना?' त्या 'दिसेल'मध्येच आमचं घोडं अडतं.

पहिल्या तालमीला ज्या प्रश्नाचं उत्तर दिग्दर्शकाकडे नाही, तो प्रश्न घेऊन बारा जणांनी एका खोलीत उभं राहणं, हा माझ्या लेखी प्रयोग. प्रश्न मोठा असायची गरज नाही. 'दोन माणसं एसटीची वाट बघतायत आणि एसटी येत नाही, हे चाळीस मिनिटं बघावंसं कसं वाटेल?' एवढा पुरतो. मात्र उत्तर खरोखरच ठाऊक नसलं पाहिजे. दिग्दर्शकाला ते आधीच ठाऊक असलं की विद्यार्थी त्याच्या डोक्यातलं चित्र रंगवणारे मजूर होतात, आणि हे त्यांना पहिल्या दिवशी कळतं. ते काही बोलत नाहीत इतकंच.

मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास या पुस्तकात सांगितलेला नाही. त्यावर चांगली पुस्तकं आहेत आणि ती वाचायलाच हवीत. १९६० साली मुंबईत 'रंगायन' उभी राहिली, १९७२ च्या डिसेंबरात पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, हे सगळं त्यांत आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र मी छबिलदासबद्दल आवर्जून सांगते, कारण छबिलदास ही दादरमधली शाळा आहे. सत्तरच्या दशकात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं तिथल्या साध्या सभागृहात नाटकं सुरू केली, आणि ज्याला आपण छबिलदास चळवळ म्हणतो ती एका शाळेच्या चार भिंतींत वाढली. नाट्यगृह नाही म्हणून हातपाय गाळून बसलेल्या पोरांना हे ऐकल्यावर आपली वर्गखोली वेगळी दिसू लागते. खिडक्या किती आहेत, दार कुठे उघडतं, फळ्यासमोरचा लाकडी चौथरा किती माणसांचं वजन पेलेल, हे ते मोजायला लागतात.

माझा खरा गुरू मात्र मुंबई-पुण्याकडचा नाही. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाच्या टेकडीवर हबीब तनवीर यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथे कार्यक्रमाला जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हे नाव कुणाचं हे ठाऊक नसतं, म्हणून ही गोष्ट मी दरवर्षी सांगते आणि इथेही सांगणार आहे.

हबीबसाहेब रायपूरचे. जन्म १९२३ चा. पदवी घेतली नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून, म्हणजे आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. पुढे मुंबई, दिल्ली, मग लंडनला नाट्यशिक्षण, युरोपभर भटकंती, बर्लिनमध्ये ब्रेख्तची नाटकं महिनोन्‌महिने पाहणं. परत आले ते छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्याच्या कलावंतांना बरोबर घेऊन नाटक करायचं ठरवूनच. १९५९ मध्ये 'नया थिएटर' सुरू झालं. आणि मग अनेक वर्षं काहीतरी बिनसत राहिलं. गावात रात्र-रात्र लोकांना खिळवून ठेवणारी हीच माणसं शहरातल्या रंगमंचावर अवघडून जात होती. कारण शोधायला हबीबसाहेबांना बरीच वर्षं लागली, आणि सापडलं तेव्हा त्यांनी ते स्वतःची चूक म्हणून उघडपणे सांगितलं. एक म्हणजे, छत्तीसगढी बोलणाऱ्यांच्या तोंडी ते हिंदी घालत होते. दुसरं म्हणजे, ज्यांनी जन्मात कधी आखून दिलेल्या जागेवर उभं राहून काम केलं नव्हतं, त्यांना ते 'इथून तिथे तीन पावलं, मग डावीकडे वळा' असं सांगत होते. १९७३ मध्ये रायपूरला त्यांनी नाचा कलावंतांबरोबर एक शिबिर घेतलं, आणि तिथून त्यांच्या कामानं वळण घेतलं. कलावंत आपल्या भाषेत बोलू लागले, आपल्या पायांनी चालू लागले. १९७५ मध्ये 'चरणदास चोर' आलं, आणि १९८२ मध्ये एडिनबरोच्या महोत्सवात ते नाटक गाजलं.

इतकं शिकलेला, इतकं पाहिलेला माणूस, आणि त्याला आपल्याच नटांची जीभ सोडवायला एवढी वर्षं लागली. हे वाचलं तेव्हा माझी पहिली तीन नाटकं माझ्या डोळ्यांसमोरून गेली.

त्या तिन्ही नाटकांत मी पुण्याची मराठी बसवत होते. न आणि ण, ल आणि ळ, 'मले'चं 'मला', 'तुले'चं 'तुला', 'काऊन'चं 'का'. तालमीचा निम्मा वेळ उच्चारांत जाई. मला वाटे, ही पोरं नागपूरच्या केंद्रावर जातील, परीक्षकांसमोर उभी राहतील, त्यांना कुणी हसू नये. हेतू चांगला होता आणि परिणाम वाईट झाला. मुलं शब्द बरोबर उच्चारत आणि त्या शब्दांतून निघून जात. सेलूकडचा एक मुलगा होता, अंगापिंडानं दणकट, बाहेर चहाच्या टपरीवर दहा जणांना गप्पांत गुंगवून ठेवणारा. रंगमंचावर आला की त्याचे हात मांड्यांना चिकटत. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा तो म्हणाला, 'मॅडम, मी नाई बोलून रायलो. कागद बोलून रायला.'

ते वाक्य मी त्या रात्री वहीत लिहिलं. पुढे जे काही केलं ते त्या वाक्याला उत्तर म्हणून केलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला प्रवेशातली गोष्ट टपरीवर सांगतो तशी सांगायला लावली. प्रवेश होता भावकीतल्या वाटणीचा. तो सांगू लागला तसे त्याचे हात सुटले. धुरा कुठून कुठे जातो हे दाखवायला तो खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, वाटेत वाकून एक न दिसणारा दगड त्यानं बाजूला केला, आणि त्या दगडाशी त्याच्या काकाचं काय नातं होतं हे संहितेत कुठेही नव्हतं. आम्ही तो दगड नाटकात ठेवला.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीबद्दल इथे थोडं अधिक सांगायला हवं, कारण दिग्दर्शकाची इथे परीक्षा असते. मराठी नाटक-सिनेमांनी प्रेक्षकाला एक सवय लावून ठेवली आहे. ही बोली ऐकू आली की हसायचं. बोलणारा बापाच्या मरणाबद्दल बोलत असला तरी पहिल्या दोन वाक्यांना सभागृहात खसखस पिकते. आमच्या गावच्या प्रेक्षकांतही पिकते, याचं मला अधिक वाईट वाटतं. स्वतःच्या आईच्या भाषेला हसायला आपल्याला शिकवलं गेलं आहे. यावर उपाय म्हणून प्रमाण भाषेत शिरायचं नाही. मी नटांना थांबायला शिकवते. हशा आला की हलायचं नाही, रागवायचं नाही, वाक्य पुढे रेटायचं नाही. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत राहायचं. हशा ओसरतो. मग जी शांतता येते ती त्या नटाची कमाई असते, आणि तिच्यात टाकलेला पुढचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जातो. वीस वर्षांच्या पोराला सभागृहभर हशा अंगावर घेऊन उभं राहायला शिकवणं फार कठीण आहे. त्यावर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे आणि माझ्या मते ते सर्वांत कामाचं आहे.

आता सेवाग्रामकडे वळते. वर्ध्यात बसून शिक्षणाबद्दल काहीही लिहिताना तिकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि नई तालीमची आखणी झाली. पुढे सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी ती वर्षानुवर्षं चालवून दाखवली. हातानं काम करता करता शिकायचं. टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल, इतिहास यायला हवा. देवी प्रसादांसारखा कलाशिक्षक तिथे मुलांबरोबर चित्रं काढत होता, माती मळत होता. आजही सेवाग्रामात आनंद निकेतन ही शाळा २००५ पासून त्याच वाटेनं चालते.

तालीम हा शब्द आपल्याकडे नाटकाला आहे, कुस्तीला आहे आणि सेवाग्रामच्या शिक्षणालाही आहे. यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला तो योगायोग वाटत नाही. तिन्ही ठिकाणी शिकणं अंगातून जातं. म्हणून आमच्या नाटकात एक नियम आहे: मुख्य भूमिका करणाऱ्यानं स्वतःच्या वेशभूषेची शिलाई घालायची, प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीनं एकदा तरी रंगमंचावर उजेडात उभं राहून बघायचं, आणि बारा जणांपैकी प्रत्येकानं रंगमंच स्वतःच्या पावलांनी मोजायचा. टेप लावून मोजलेला रंगमंच लक्षात राहत नाही. पावलांनी मोजलेला अंधारात सापडतो. आमच्याकडे ऐन प्रयोगात वीज गेलेली आहे आणि एकही नट कशाला धडकलेला नाही.

याच विचारातून कपाशीच्या पऱ्हाट्यांचं नाटक झालं. त्याची वही या पुस्तकात जवळजवळ जशीच्या तशी दिली आहे. त्या वर्षी संहिता नव्हती. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला एकच सांगितलं, 'तुझ्या हातांना जे काम डोळे मिटून येतं, ते उद्या करून दाखव.' कुणी गोवऱ्या थापून दाखवल्या, कुणी मोबाईलची काच बदलली, कुणी गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. देवळीकडच्या एका मुलीनं कापूस वेचून दाखवला. समोर काहीही नव्हतं. कमरेला ओढणी बांधून ती वाकली, दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांकडे जाऊ लागले, बोटांच्या टोकांनी कापूस सुटा होऊन मुठीत जमत गेला, मूठ भरली की न बघता ओढणीत. मधेच तिनं बोट तोंडात धरलं. बोंडाची वाळलेली पात टोचली होती. कुणी तिला हे करायला सांगितलेलं नव्हतं, आणि खोलीत बसलेल्या सगळ्यांचा श्वास त्या क्षणी थांबला.

त्या नाटकाची लय तिच्या हातांनी ठरवली. चौघींनी ती वेचणी शिकून घेतली. दोघींना ती आधीच येत होती आणि त्यांनी तोवर ते लपवलं होतं. शहरातल्या मैत्रिणींसमोर वावरातलं काम सांगायची लाज, ही आमच्या वर्गांतली फार जुनी जखम आहे. नाटक होतं फाट्यावर गाडीची वाट बघणाऱ्या सहा जणांचं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं फार काही नव्हतं, पण वाट बघताना त्यांचे हात गप्प बसत नव्हते. नेपथ्य म्हणून आम्ही वाळलेल्या पऱ्हाट्यांचे भारे आणले. नुसते उभे करून ठेवले तरी ते ओसाड वावर वाटे. पण पाय पडला की कडकड आवाज होई आणि त्यात संवाद बुडे. तीन दिवस आम्ही त्या आवाजाशी झगडलो. मग बाकीच्यांनी नाही, गाडी येणाऱ्या दिशेला बसलेल्या मुलानंच सुचवलं की आवाज आधी होऊ द्यावा आणि बोलणं नंतर. सगळे संवाद त्या कडकडीच्या मागे सरकले. पऱ्हाटी मोडायची, थांबायचं, मग बोलायचं. वाट बघण्याला जो ताण हवा होता तो तिथून आला. दर प्रयोगाला नवे भारे लागत, कारण आधीचा चुरा होई, आणि विस्तवाच्या भीतीनं आम्ही समई, मेणबत्ती, उदबत्ती काहीही रंगमंचावर येऊ दिलं नाही. हे नाटक स्पर्धेत बसणारं नव्हतं. ते चाळीस मिनिटांचं होतं आणि त्याला धड शेवट नव्हता.

शेतकऱ्याचा विषय निघाला की या जिल्ह्यात एक गोष्ट टाळता येत नाही, आणि ती मी नीट सांगायला हवी. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. आत्महत्या हा आमच्या विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रात वाचलेला विषय नाही. वर्गात कुणाच्या घरी, कुणाच्या गल्लीत ते घडलेलं असतं. आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, दरवर्षी नाटकाचा विषय निवडताना पहिला हात त्यावरच वर होतो. नाटकात काय असेल हेही ठरलेलं असतं. कर्ज, सावकार, पाऊस, आणि शेवटी वरून सोडलेला फास, त्याच्यावर लाल उजेड.

माझ्या नाटकात फास येत नाही. याबाबतीत मी विद्यार्थ्यांचं ऐकत नाही, आणि एरवी प्रत्येक गोष्ट त्यांच्याबरोबर ठरवणारी मी एवढ्यापुरती हट्टी आहे. कारण एका वर्षी उत्स्फूर्त प्रसंग करताना एका गटानं तो प्रसंग घेतला आणि दोरीचं टोक हातात आलेला मुलगा तिथेच खाली बसला. तो रडला नाही. नुसता बसून राहिला. त्याच्या घरी ते घडून वर्षही झालेलं नव्हतं, आणि आम्हांला कुणालाच ते माहीत नव्हतं. तालीम तिथेच थांबवली. त्या दिवसापासून कुठलाही प्रसंग सुरू करण्याआधी प्रत्येकाला 'हे मी करणार नाही' असं कारण न देता सांगायचा हक्क आहे, आणि तो हक्क मी पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगते.

या विषयावर नाटक होऊच नये असं मी म्हणत नाही. ते कसं होतं, हे आमच्याच भागानं दाखवलं आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी बसवलेलं 'तेरवं' हे नाटक मागे राहिलेल्या बायकांचं आहे. त्यात काम करणाऱ्यांमध्ये शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः होत्या. त्यांच्यापैकी वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. वरून सोडलेला फास जिथे नाटक संपवतो, तिथून या नाटकाची सुरुवात होते: चौदाव्या दिवशी बाईनं काय करायचं? विद्यार्थ्यांना मी इतकंच सुचवते की प्रश्न तिथून विचारा. चौदाव्या दिवशी घरात पहिल्यांदा कोण हसतं? दावणीला बांधलेल्या बैलाचं काय होतं? मुलगी कॉलेजला परत कधी येते, आणि वर्गात तिच्या शेजारी कोण बसतं? या शेवटच्या प्रश्नावर आमचा एक प्रसंग झाला. त्यात एक बाक होता, त्यावर एक मुलगी होती, आणि सहा मिनिटं कुणीही तिच्या शेजारी बसत नव्हतं.

संहितेबद्दल थोडक्यात. लिखित एकांकिका करायची तर विदर्भाच्याच लेखकांपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यांची 'होळी' ही वसतिगृहातल्या मुलांची एकांकिका आज वाचतानाही आमची मुलं मधेच थांबून एकमेकांकडे बघतात. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' दोन नटांत आणि रिकाम्या जागेत उभी राहते. पैसे नसलेल्या महाविद्यालयाला याहून चांगली पाठशाळा नाही. लेखकाची परवानगी आणि मानधन आधी, तालीम नंतर. तिकीट असो वा नसो. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागणार असेल तर संहिता लवकर पाठवा. याखेरीज खडी गंमत बघा, दंडार बघा, भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या आज्यांकडे बसा, सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी बैलांपुढे माणसं कशी चालतात ते बघा. मात्र यातलं काहीही 'लोककलेचा टच' म्हणून नाटकाला चिकटवू नका. शाहिराला डफ वाजवायला बोलावून त्याला पडद्यामागे उभं करणं मी पाहिलं आहे. फार अपमानकारक दृश्य असतं ते.

सभागृहाबाहेर, अंगणात, पारावर केलेल्या प्रयोगांची एक वही शेवटी जोडली आहे. बादल सरकारांनी सत्तरच्या दशकात कोलकात्यात नाट्यगृह, दिवे, पडदा सगळं मागे टाकून प्रेक्षकाच्या मधोमध नाटक आणलं. त्यांचा विचार समजायला आम्हांला भारनियमनानं मदत केली. जून ते दिवाळी या काळात अंगणात नाटक करणं म्हणजे पाऊस आणि सोयाबीनची सोंगणी या दोघांची परवानगी घेणं. सोंगणीच्या आठवड्यात गावात प्रेक्षकही नसतात आणि नटही नसतात. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांच्या पद्धतीनं, प्रेक्षकानं मधेच उठून नटाच्या जागी उभं राहायचं, असेही आम्ही दोन-चार प्रयोग केले. पुरुष लगेच उठले आणि भाषण करू लागले. बायका उठल्या नाहीत. एका गावात प्रयोग संपून पाणी पिताना एक म्हातारी माझ्याजवळ आली आणि नाटकात सून झालेल्या मुलीचा हात धरून म्हणाली, 'हिनं तवा त्याच्याकडे पायलंच नाई पायजे होतं. चुलीकडे पायाचं होतं.' मी तिला म्हटलं, पुढच्या गावी ही तसंच करेल. आणि तिनं तसंच केलं. नवरा ओरडत असताना ती चुलीकडे बघत राहिली, आणि तो प्रसंग एरवीच्या दुप्पट वेळ टिकला. तेव्हापासून प्रयोगानंतरचा अर्धा तास मी पाण्याच्या घागरीजवळ उभी असते.

दिग्दर्शकासाठी नकाशे, आकृत्या, हालचालींचे तक्ते या पुस्तकात थोडेच आहेत. तालमीचं वेळापत्रक मात्र तपशिलानं दिलं आहे, कारण तिथेच माणसं चुकतात. शेवटचे दहा दिवस नवं काही घालायचं नाही. रंगीत तालीम प्रयोगाच्या आदल्या दिवशी ठेवायची नाही, दोन दिवस आधी ठेवायची, म्हणजे मधला दिवस झोपायला मिळतो. ज्या मुली गावाहून येतात त्यांचे प्रसंग तीन ते साडेचार या वेळात, वसतिगृहातल्यांचे नंतर. हे एवढं पाळलं तरी गावच्या मुलींना मोठ्या भूमिका देता येतात. पूर्वी त्या आपोआप गर्दीत उभ्या राहत आणि आम्ही म्हणत असू की त्यांना रस नाही.

ऋण फार आहेत. सभागृहाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून रविवारीही दार उघडून देणारे आमचे शिपाई मामा, ज्यांनी आमचं प्रत्येक नाटक मागच्या दारात उभं राहून पाहिलं आणि कोणता प्रसंग लांबला हे मला दर वेळी अचूक सांगितलं. पऱ्हाट्यांचे भारे बंडीत घालून वर्ध्यापर्यंत आणणारे एका विद्यार्थिनीचे वडील. त्यांनी बंडी महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर थांबवली आणि किती म्हटलं तरी आत आले नाहीत. प्रयोगाच्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत बसले, डोक्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर घेतला आणि तिसऱ्या घंटेपासून शेवटपर्यंत तो हातांत घट्ट धरून होते. आणि त्या गाडीचे वाहक, ज्यांनी प्रयोगाच्या संध्याकाळी, चेहऱ्यावरचा रंगही न पुसता धावत आलेल्या सात मुलींसाठी पाचची एसटी चार मिनिटं उभी ठेवली.